कॅप बसली, पण चावा बसला का?



गटातून अंतर्गत कर्ज घेताना बी-बियाणं, शेळी, मुलांची फी ही कारणं आपण नेहमी लिहितो. आता त्यात 'दाताचं काम' हेही कारण दिसू लागलं आहे. कुणाला रूट कॅनॉलनंतर कॅप बसवायची असते, कुणाला काढलेल्या दाढेच्या जागी ब्रिज. काम हजारांत जातं, तालुक्याला चार फेऱ्या होतात. एवढं करून एखादी म्हणते, "बाई, त्या बाजूनं भाकरीच चावता येईना." अशा वेळी आपण कॅपला नाव ठेवतो. पण कॅप चांगली असूनही त्रास होऊ शकतो. कारण असतं चावा.

चावा म्हणजे काय?

तोंड मिटल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांना कुठे आणि किती टेकतात, तो आपला चावा. डॉक्टर त्याला 'बाईट' म्हणतात. आत्ताच एक करून बघा. ओठ मिटा आणि जबडा सैल सोडा. दाढा एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये दोन-चार मिलिमीटर फट राहते. दात टेकतात ते मुख्यतः गिळताना आणि चावताना. तेव्हा सगळ्या दाढा एकाच वेळी टेकल्या, तर भार वाटला जातो.

पाटाच्या एका पायाखाली खडा आला की पाट डुगडुगतो आणि भार त्याच पायावर येतो. कॅप केसाएवढी उंच राहिली तरी तसंच होतं. चावताना ठणका लागतो, कधी दात हलल्यासारखा वाटतो. समोरचा दात दुखतो, जबडा आंबतो, कॅपवरचा सिरॅमिकचा टवका उडतो. उलट कॅप फारच बुटकी झाली, तर ती टेकतच नाही आणि समोरचा दात हळूहळू तिच्याकडे सरकतो.

शिवाय आपला जबडा नुसता वर-खाली होत नाही, भाकरी चावताना तो आडवाही फिरतो. आडवं सरकताना बऱ्याच जणींचे सुळे एकमेकांवर घासत वाट दाखवतात आणि मागच्या दाढा सुट्या होतात. काहींच्या तोंडात हे काम सुळा आणि त्यामागचे दात मिळून करतात. नव्या कॅपचा उंचवटा या वाटेत आडवा आला, तर रोजच्या घासाला धक्का बसतो.

रिकामी जागा तशीच राहत नाही

गर्दीच्या एस.टी.त मधली बाई उठली की दोन्हीकडच्या सरकून बसतात. दाढ काढल्यावर शेजारचे दात असेच त्या जागेत कलतात आणि समोरची दाढ खाली किंवा वर उतरते. दोन-चार वर्षांनी ब्रिज करायला गेलं, तर जागाच पुरत नाही. मग आधी समोरची दाढ घासावी लागते, कधी कललेला दात सरळ करावा लागतो. खर्च वाढतो तो इथे. म्हणून दाढ काढली त्याच दिवशी विचारा, "या जागेचं पुढं काय करायचं?"

ब्रिज म्हणजे पूलच. मधली एक दाढ नसेल, तर शेजारचे दोन दात तिघांचा भार उचलतात. मधले दोन दात नसतील, तर पुलाची लांबी दुप्पट होते, पण तेवढ्याच जाडीच्या पुलाचं वाकणं आठपट होतं. म्हणून लांब ब्रिजला डॉक्टर नाही म्हणाले, तर रागावू नका. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर आधी त्यांचा उपचार हवा. मिश्रीतली तंबाखू हिरड्यांना इजा करते, तीही थांबवायला हवी.

काम सुरू होण्याआधी विचारा

१. समोरचा दात आणि शेजारचे दात तपासले का? एक्स-रे काढला का?
२. आधाराच्या दातांची मुळं भार घेतील का?
३. एकाहून जास्त दात करायचे असतील, तर वरच्या-खालच्या दातांचे साचे करून चावा पाहणार का?
४. पक्की कॅप येईपर्यंत तात्पुरती कॅप बसवणार का? घासलेला दात उघडा राहिला, तर तो झोंबतो आणि आजूबाजूचे दात सरकतात.

झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर तेही सांगा. घरचे सांगतात, आपल्याला कळत नाही. अशा वेळी कॅप कशाची करायची हे बदलू शकतं आणि रात्री लावायचं कव्हर लागू शकतं.

कॅप चिकटवण्याआधी

डॉक्टर दातांमध्ये रंगीत पातळ कागद ठेवून चावायला सांगतात. जिथे जास्त दाब, तिथे ठसा उमटतो. तेवढंच घासून काढतात. सरळ चावून झाल्यावर "आडवं सरकवून बघू का?" असं आपणहून विचारा. कॅप आधी टेकते असं वाटलं, तर लगेच सांगा. "डॉक्टरांना किती त्रास द्यायचा" असं मनात आणून गप्प बसू नका. आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

भूल दिलेली असेल तर चावा नीट कळत नाही. घरी जाऊन भूल उतरल्यावर पुन्हा बघा. नवेपणा दोन-चार दिवसांत जातो. पण कॅपच आधी टेकत असेल किंवा चावताना दुखत असेल, तर "होईल सवय" म्हणून थांबू नका. ती दुरुस्ती पाच-दहा मिनिटांची असते. महिनोन्‌महिने तसंच चावत राहिलं, तर चांगला दात गमवावा लागू शकतो.

खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथेही कॅप-ब्रिजची कामं होतात. फेऱ्या जास्त होतात, पण खिशाला परवडतं.

पुढच्या बैठकीत दाताच्या कर्जाचा अर्ज आला, तर हे चार प्रश्न त्या मैत्रिणीला वाचून दाखवा. कर्ज तिला फेडायचंच आहे, निदान त्या दातानं भाकरी तरी चावता यावी!