बालकांची दंतकीड आणि उपकारक जीवाणू

दुधाचे दात पडून जाणारच, मग त्यांची काळजी कशाला, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो बालकांना महागात पडतो. दात ठणकू लागला की मूल नीट जेवत नाही, त्याची झोप मोडते. दाढ अकाली काढावी लागल्यास मागाहून येणारे कायमचे दात वाकडे येण्याचा संभव असतो.

‘कीड’ म्हटले तरी दातात अळी नसते. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे मुखातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरील एनॅमलचे कठीण कवच झिजते. या जीवाणूंना शह देण्यासाठी उपकारक जीवाणू, म्हणजेच प्रोबायोटिक्स, वापरता येतील काय, या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले आहे.

फिनलंडमधील हेलसिंकी येथे पाळणाघरांतील १ ते ६ वर्षे वयाच्या ५९४ बालकांवर या दृष्टीने प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. काही बालकांना सात महिने लॅक्टोबॅसिलस जी. जी. हे जीवाणू मिसळलेले दूध, तर इतरांना साधे दूध देण्यात आले. जीवाणूयुक्त दूध घेणाऱ्यांत, विशेषतः ३ ते ४ वर्षांच्या बालकांत, किडीचा धोका कमी आढळला.

मात्र यावरून घाईने अनुमान काढणे योग्य नव्हे. लॅक्टोबॅसिलस वर्गातील जीवाणू स्वतःही आम्ल निर्माण करतात आणि खोल किडीत ते सापडतात. म्हणून एका विशिष्ट वाणाचा गुण सर्वांना लावता येत नाही. घरचे दही पौष्टिक खरे. परंतु त्याच्या विरजणाला दंतकिडीवरील औषध मानता येणार नाही.

खात्रीचे उपाय साधेच आहेत. पहिला दात येताच फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते. तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलास झोपवू नये. बिस्किटे व गोळ्या वारंवार देऊ नयेत.

अंगणवाडीत आहारानंतर चूळ भरण्याची सवय लावणे सहज शक्य आहे. त्यासाठी पाण्याची सोय पंचायतीने करावी आणि पालकसभेत शिक्षकांनी हा विषय आवर्जून मांडावा. नव्या संशोधनाचे स्वागत अवश्य करावे. पण त्याची वाट पाहत आजचा ब्रश बाजूला ठेवू नये.