सिनेमातले राक्षस आणि त्यांची खेळणी : माल पारखायचा कसा?

व्यापार कशाचाही असो, पारख नसेल तर नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. कापडाच्या धंद्यात आम्ही हे रोज पाहतो. ज्याला पोत कळत नाही तो ताक्याच्या वरच्या घडीवर भाव देतो आणि आतले डाग घरी नेतो. आज ज्या मालाविषयी लिहीत आहोत तो आमच्या बांधवांना प्रथम हसण्यासारखा वाटेल. हा माल म्हणजे सिनेमातील राक्षस, डायनासोर, परग्रहावरचे प्राणी यांची प्लॅस्टिकची आणि रबरी खेळणी. पण जुन्या खेळण्यांचा हा व्यापार जगात मोठा आहे. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील भंगार, रद्दी व जनरल स्टोअर्सच्या धंद्यात आमचे पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्या हातातून हा माल कधी कधी किलोच्या भावाने निघून जातो. म्हणून त्याची पारख समजून घेणे उपयोगाचे आहे.

अशा मूर्ती आणि पुतळे विकावेत की नाही, याविषयी कोणाच्या मनात शंका असेल तर त्याने आपल्या आलिमांना विचारावे. येथे आम्ही फक्त मालाची पारख सांगत आहोत.

हा माल आला कोठून?

जपानच्या तोहो कंपनीने १९५४ साली 'गॉडझिला' हा सिनेमा काढला. समुद्रातून वर येऊन शहर उद्ध्वस्त करणारा हा राक्षस पुढे इतका गाजला की १९६६ मध्ये मारुसान या जपानी कंपनीने त्याची मऊ विनाइलची खेळणी बाजारात आणली. पुढे बुलमार्कने आणि १९८० नंतर बांडाईने ही परंपरा चालवली. अमेरिकेत केनर कंपनीने १९७९ साली 'एलियन' सिनेमातील प्राण्याचे १८ इंच उंचीचे खेळणे काढले. सिनेमा मोठ्यांसाठी होता आणि खेळणे पाहून मुले भ्यायची, त्यामुळे ते फारसे खपले नाही. आज त्याच न खपलेल्या मालाला संग्राहक भारी किंमत देतात. जो माल कमी खपतो, तो कमी उरतो. आणि जो कमी उरतो त्याला पुढे मागणी येते.

आपल्याकडे या मालाची ओळख झाली ती 'जुरासिक पार्क'मुळे. सिनेमा १९९३ चा. त्याची हिंदी आवृत्ती १९९४ मध्ये आली आणि गावोगावच्या टॉकीजमध्ये चालली. त्यानंतर डायनासोर घराघरात पोचले. त्यातील बहुतेक खेळणी बिनानावाची, साच्यातून काढलेली स्वस्त नक्कल होती. पण मुंबईला किंवा आखाती देशात कामाला गेलेल्या माणसांनी मुलांसाठी आणलेल्या वस्तूंत अस्सल केनरचा एखादा नग असू शकतो.

भारतात बनलेला मालही याच रांगेत येतो. एमआरएफ समूहाच्या फनस्कूल कंपनीने १९८७ पासून गोव्याच्या कारखान्यात खेळणी बनवली. अमेरिकेच्या हॅस्ब्रोच्या परवान्याने तिने काढलेले जी. आय. जो शिपाई मूळ मालापेक्षा रंगात वेगळे निघाले. आज परदेशातील संग्राहक त्या वेगळेपणासाठीच भारतीय नग शोधतात. हे राक्षस नव्हेत, पण धडा तोच : 'आपल्याकडचा माल' म्हणून कमी लेखू नये.

पारखण्याच्या सहा पायऱ्या

१. शिक्का पाहा. खेळणे हातात आले की प्रथम तळपाय, पोट आणि शेपटीची खालची बाजू पाहावी. अस्सल मालावर कंपनीचे नाव, हक्काचे साल आणि देश उमटवलेला असतो. केनरच्या डायनासोरांवर 'जेपी' अशी अक्षरे आणि आकडा असतो. मात्र येथे फार लोक फसतात. शिक्क्यावरचे साल हे त्या पात्राच्या किंवा साच्याच्या हक्काचे साल असते, खेळणे तयार झाल्याचे असतेच असे नाही. एकाच साच्यातून दहा वर्षांनी पुन्हा माल काढला तरी साल तेच राहू शकते. म्हणून साल पाहून लगेच 'जुना' म्हणू नये. रंग, सांधे, खोका यांच्याशी ते ताडून पाहावे.

२. पूर्णता मोजा. मिरजेचे सतारमेकर जुनी सतार पाहताना भोपळा, खुंट्या, घोडी, सगळे मूळचे आहे का ते पाहतात. येथेही तसेच. हत्यार, पंख, जबडा, निघणारे भाग जागेवर आहेत का? केनरच्या काही डायनासोरांच्या अंगावर जखम दाखवणारा एक निघणारा तुकडा असे. मुले तो हटकून हरवत. तो नसेल तर किंमत बरीच उतरते. बांडाईच्या गॉडझिलाला कागदी चिठ्ठी अडकवलेली असे. ती चिठ्ठी असलेल्या आणि नसलेल्या नगात मोठा फरक पडतो. म्हणून रद्दीच्या पोत्यात खेळण्यासोबत आलेले तुकडे, कागद, फाटका खोका काहीही टाकू नये.

३. अवस्था ठरवा. सांध्यात ढिलेपणा आहे का, टोकांवरचा रंग घासला आहे का, पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडले आहे का, हे उजेडात पाहावे. हाताला चिकट लागले तर समजावे की प्लॅस्टिकला मऊ ठेवणारे द्रव्य बाहेर येत आहे. सेल घालण्याची जागा उघडून हिरवा-पांढरा क्षार पाहावा. परदेशात एक ते दहा असे गुण देण्याची रीत आहे. अमेरिकेत एएफए ही संस्था शंभरपैकी गुण देऊन नग पारदर्शक डबीत बंद करते. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही, पण प्रत्येक ऐब वहीत लिहून ठेवावा.

४. नक्कल ओळखा. अस्सल नगावरून साचा घेऊन केलेली नक्कल सहसा मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते, कारण ओतलेला माल थंड होताना आकसतो. त्यामुळे माप आणि वजन घ्यावे. मापासाठी लेथवाल्याकडचे व्हर्नियर आणि वजनासाठी सोनाराचा काटा पुरतो. नक्कल केलेल्या नगात बारीक खवले आणि दात बोथट दिसतात, शिक्क्याची अक्षरे पुसट येतात.

५. दिव्याखाली पाहा. कापड दुकानात नोटा तपासण्याचा जांभळा दिवा असतोच. त्याच्याखाली नंतर लावलेला रंग आणि गोंद अनेकदा मूळ पृष्ठभागापेक्षा वेगळा चमकतो. पुठ्ठ्यावरचा प्लॅस्टिकचा फुगा उघडून पुन्हा चिकटवला असेल तर कडेला ते कळू शकते. हा एक पुरावा आहे, शेवटचा निकाल नव्हे.

६. भाव शोधा. इंटरनेटवर लोक मागतात तो भाव आणि माल विकला गेला तो भाव, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव सौद्यात पुकार तुटतो तेव्हा ठरतो, शेतकऱ्याच्या मनातल्या आकड्यावर ठरत नाही. तसेच येथे फक्त विकल्या गेलेल्या नगांचे आकडे पाहावेत आणि तेही आपल्या नगाच्या अवस्थेचे. समजा, तसा नग ८,००० रुपयांना विकला गेला आहे. त्यातून विक्री मंचाचे कमिशन, खोका, टपाल, परत येण्याची जोखीम आणि कर वजा करा. उरेल त्यातून आपला नफा काढा. मग जे राहील ती खरेदीची वरची मर्यादा. उलट्या बाजूने हिशेब करणारा बुडतो.

पुराचे पाणी आणि ओला माल

आमच्या भागात एक गोष्ट विशेष सांगावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले. किती दुकानांची किती गोदामे भिजली ते वाचकांना सांगायला नको. त्या मालातील काही नग आजही बाजारात फिरत असतील. प्लॅस्टिकला पाण्याने फारसे होत नाही, पण पुठ्ठा फुगतो, चिखलाची रेघ राहते, बुरशीचा वास जात नाही. पोकळ खेळण्याच्या आत गाळ साचतो, त्यामुळे वजन वाढते. हलवून पाहावे, वास घ्यावा, शिवण पाहावी.

असा माल विकू नये असे नाही. पण ओल लागलेली आहे हे आधी सांगून विकावा. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, ती गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. ती धान्यापुरती नाही. या धंद्यात गिऱ्हाईक शेकडो कोसांवर असते, माल फक्त फोटोत पाहते आणि तुमच्या शब्दावर पैसे पाठवते. एकदा लपवलेला ऐब उघडा पडला तर संग्राहक आपसांत सांगतात आणि दुकानाचे दार कायमचे बंद होते.

धुणे आणि साठवणे

खेळणे कोमट पाण्यात साध्या साबणाने मऊ ब्रशने धुवावे. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य यांना हात लावू नये. रंग निघून जातो. स्वतः रंग देऊन 'नवे' करू नये. जुन्या नगाचा घासलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा असतो. वाकलेला मऊ विनाइलचा पाय गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करता येतो. पण हे काम आधी एखाद्या कवडीमोल नगावर करून पाहावे.

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये विनाइल वाकते, उन्हात रंग उडतो आणि साताऱ्याच्या पावसात पुठ्ठ्याला बुरशी धरते. कापडाप्रमाणे खोक्यांनाही कसर लागते. म्हणून माल जमिनीपासून उंच, सावलीत, हवेशीर ठेवावा. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. सेल काढून टाकावेत.

कायद्याच्या दोन गोष्टी

जुन्या वस्तूंचा खरेदी-विक्री व्यापार जीएसटी नोंदणीत करणाऱ्याला, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल तर, खरेदी आणि विक्रीच्या फरकावर कर भरण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी खरेदीची पावती लागते. भंगारवाल्याकडून घेतला तरी नग, तारीख आणि रक्कम लिहून सही घ्यावी. दुसरे म्हणजे, परदेशातून खेळणी मागवून विकण्याचा मोह झाला तर थांबावे. सरकारने आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मागवण्यापूर्वी चालू दर आणि नियम कर सल्लागाराला विचारून घ्यावेत. आणि जुने, चिकट झालेले खेळणे लहान मुलाच्या हातात देण्यासाठी कधीही विकू नये.

शेवटी एवढेच सांगू की हा धंदा कर्ज काढून करण्याचा नाही. शंभर नगांत एखादाच कामाचा निघतो आणि तो विकायला महिने लागू शकतात. पण ज्यांच्याकडे भंगाराची वखार आहे, रद्दीचे दुकान आहे, किंवा वडिलांच्या काळातील जनरल स्टोअर्सचा माळा आहे, त्यांना यासाठी भांडवल लागत नाही. पोते वजनकाट्यावर टाकण्यापूर्वी एकदा ओतून पाहावे, तळपाय उलटून शिक्का वाचावा आणि संशय आला तर तो नग बाजूला ठेवावा. किलोचा भाव उद्याही मिळेल. वितळवलेला नग मात्र परत मिळत नाही.