माल कुठल्या देशाचा?

एखाद्या देशाचा माल नाकारला, की सरकारच्या आधी तिथल्या मजुराच्या पोटावर पाय येतो. हा आक्षेप खराच आहे. १९५९ मध्ये वर्णभेदाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या मालावर बहिष्काराची चळवळ लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हाही तो घेतला गेला. (भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता.) आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अल्बर्ट लुथुली यांनी सहकाऱ्यांसह स्पष्ट सांगितले, की याची झळ आमच्याच लोकांना बसेल, पण रक्तपाताचे दिवस त्याने कमी होणार असतील, तर आम्ही ती सोसू. माझ्या मते खरी कसोटी हीच : ज्यांना सोसायचे, त्यांनीच बहिष्कार मागितला आहे का? शिवाय वर्णभेद संपवण्याची मागणी नेमकी होती, म्हणून शेवटही ठरवता आला. सप्टेंबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेल्सन मंडेला यांनीच आर्थिक निर्बंध उठवण्याचे आवाहन केले.