शेळीच्या पिंपातले पाणी

गेल्या उन्हाळ्यात मिरजेच्या पूर्व भागातील एका वस्तीवर आम्ही आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. रक्तदाब, साखर तपासून झाली आणि एक आजी आमच्यापैकी एकीचा हात धरून घरामागे घेऊन गेल्या. "माझं ऱ्हाऊ द्या, आधी हिला बघा," म्हणाल्या. उस्मानाबादी शेळी, पदरात दोन करडे. चार दिवस चारा टाकत होती, दूध आटले होते. आम्ही काही जनावरांचे डॉक्टर नव्हे. पण शेजारी भर उन्हात ठेवलेला पिंप आम्हाला दिसला. पाणी कोमट, काठाला हिरवे शेवाळ, तळाशी लेंड्या. आजींच्या घरातला माठ मात्र लख्ख घासलेला. पशुवैद्यकांना फोन लावला, तर त्यांनीही औषधाआधी पाणी बदलायला सांगितले.

आपल्या समाजातील भूमिहीन घरांत शेळी म्हणजे अडीनडीची ठेव. मुलीची फी, दवाखान्याचा खर्च तिच्यावर निघतो. ती जगते पाल्यावर, म्हणून पाण्याकडे कुणी बघत नाही. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण चार ते सहा लिटर पाणी लागते. दुभती असेल किंवा एप्रिल-मेचे ऊन असेल तर याहून जास्त. शिवाय शेळी पाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. वास आला, लेंडी पडली की तोंड फिरवते. पाणी कमी झाले की चारा कमी, मग दूध कमी. बोकडांत मूत तुंबण्याचा, खड्याचा त्रासही कमी पाणी पिण्याने वाढतो. बोकड कुंथत असेल आणि लघवी थेंब थेंब होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, उद्यावर टाकू नये.

मिरजेच्या पाण्याची गंमत वेगळीच आहे. एप्रिल 2016 मध्ये याच मिरजेतून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेले. त्याच तालुक्याच्या पूर्वेला मात्र उन्हाळ्यात बोअरचा आधार. नदीकाठच्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षे पाट भरभरून पाणी दिल्याने जमिनी खारपड झाल्या. तिथल्या विहिरींचे पाणी जिभेला खारट लागते. पाण्यातील क्षार टीडीएस मीटरने मोजतात. माणसाला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. शेळी 3000 पर्यंत सहज पचवते. त्यापुढे सुरुवातीला हगवण लागू शकते, पाणी नाकारते. 7000 च्या वरचे पाणी गाभण आणि दुभत्या शेळीला देऊच नये.

या आकड्यांवरून एक चुकीचा समज होतो, तो आम्हाला वस्तीवर नेहमी ऐकू येतो. "शेळी पिऊन ठणठणीत आहे, मग पाणी चांगलंच की." तसे नाही. शेतातील युरियाचा नायट्रेट झिरपून विहिरीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसासाठी मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. शेळी याहून बरेच जास्त सोसते. पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाचे रक्त त्याने प्राणवायू वाहून नेण्यास कमी पडते, ओठ-नखे निळसर पडतात. टीसीएल पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि तो जास्तच दाट होतो.

दुसरी काळजी भांड्याची. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायाबापड्या औषधाचे रिकामे कॅन घरी आणतात, धुऊन पाण्याला वापरतात. कितीही धुतले तरी ते कॅन माणसाच्या किंवा जनावराच्या पाण्याला वापरू नयेत. मोरचूद भिजवलेल्या पिंपातले उरलेले पाणीही शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला लागू देऊ नये. तांबे यकृतात साठत जाते. मेंढी त्याला सर्वात आधी बळी पडते.

पावसाळ्यात धोका बदलतो. पाटाच्या कडेला, दलदलीत बारीक गोगलगायी असतात, त्यांच्यामार्फत यकृतातील चपटे कृमी शेळीच्या पोटात जातात. शेळी खंगते, जबड्याखाली सूज येते. 2019 आणि 2021 सारखा महापूर आला की उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात पसरतात. शेळी गाभडू शकते, माणसाला ताप आणि कावीळ होते. गाभडलेले करडू, वार उघड्या हाताने उचलू नये. हे काम घरात बाईच्याच वाट्याला येते, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या आजींच्या घरी पिंप सावलीत हलवला, आतून घासला, चुना लावून वाळवला. चुन्याने शेवाळ लवकर धरत नाही. पाणी रोज दोनदा बदलायचे, भांडे विटांवर उचलून ठेवायचे म्हणजे लेंड्या पडत नाहीत. यात पैसे लागत नाहीत.

बोअरचे पाणी मात्र तपासावेच लागेल. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना मनाई होती. आज नळ दारात आला आहे, तर त्यात काय येते हे विचारायला लाजू नये. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासणीचे किट ग्रामपंचायतीकडे दिलेले असते आणि ते वापरायला गावातीलच पाच महिलांना शिकवायचे ठरलेले आहे. आपल्या वस्तीच्या बोअरची तपासणी कधी झाली, नायट्रेट किती आला, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी विचारा. अहवाल मिळाला की त्याची एक प्रत विहाराच्या फलकावर लावा. जनावराच्या उपचारासाठी 1962 हा फोन क्रमांक आहे, तोही त्याखाली लिहून ठेवा.