एकही बुडबुडा नको

पाणी आत येऊ नये एवढ्याचसाठी जन्माला आलेली वस्तू म्हणजे बोट. तळाला भोक नाही, फट नाही, कुठे सांधा सुटलेला नाही. आता याच गोष्टीकडे आतून बघा. जिथून पाण्याला आत शिरता येत नाही, तिथून कुणाला बाहेरही पडता येत नाही. मग बोटीत स्वयंपाकाचा गॅस आहे आणि तो कुठून तरी हळूहळू झिरपतोय असं समजा. तो जाईल कुठे?

वर नाही जाणार. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन, ब्यूटेन किंवा दोघांचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन तर दुप्पट. गळलेला गॅस पायांशी उतरतो, जमिनीच्या लाकडी फळ्यांमधल्या फटींतून आणखी खाली जातो आणि बोटीच्या तळाशी ठाण मांडतो. जमिनीवरच्या घरात दाराखालची फट, मोरी, उंबऱ्याबाहेरचं अंगण अशा चार वाटा तरी असतात. बोटीच्या तळाला एकही नाही, आणि ती नसणं हाच तर तिचा गुण!

हा प्रश्न जिथे रोजचा आहे अशी एक जागा म्हणजे ब्रिटनचे कालवे. अठराव्या शतकात कोळसा आणि मातीची भांडी वाहून नेण्यासाठी ते खोदले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने पाण्याची पातळी वरखाली करणारे लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे ठेवले, आणि त्या मापाने पुढच्या बहुतेक बोटींचं नशीब ठरलं. आजची नॅरोबोटही सात फुटांहून थोडी कमी रुंद असते, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाऊ शकते. कोळसा केव्हाच गेला. आता त्या पोलादी बोटींत हजारो माणसं कायमची राहतात. आत पलंग, पुस्तकांचं कपाट, आंघोळीला गरम पाणी आणि अर्थातच चहा. म्हणजे गॅस आलाच.

किती गॅस साचला म्हणजे घात? आकडा ऐकून मी तरी थबकलो. हवेत साधारण दोन टक्के प्रोपेन मिसळला की ठिणगी पुरते. पंधरा मीटर लांब, दोन मीटर रुंद बोटीच्या तळाशी फक्त पाच सेंटीमीटर जाडीचा थर धरा. त्या थरात दोन टक्के म्हणजे तीस लिटर गॅस. ऐकायला पुष्कळ वाटतो. पण सिलिंडरमध्ये हाच गॅस द्रवरूपात असतो, आणि प्रोपेनच्या एका लिटर द्रवातून सुमारे २७० लिटर वायू निघतो. हिशोब उलटा फिरवा: तीस लिटर वायूला द्रव लागतो एकशे दहा मिलिलिटर. वजन सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास. तेरा किलोच्या सिलिंडरमधून एवढा गेला तर वजनकाट्यालाही धड पत्ता लागणार नाही.

वास येईल की, असं तुम्ही म्हणाल. येईल, पण त्यामागेही एक कथा आहे. या वायूंना स्वतःचा असा जाणवण्याजोगा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातली शाळा अशाच बिनवासाच्या नैसर्गिक वायूच्या स्फोटाने कोसळली आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला मुद्दाम दुर्गंधी देणं टेक्सासात सक्तीचं झालं आणि पुढे जगभर रूढ झालं. तुमच्या-आमच्या ओट्याखालच्या लाल सिलिंडरमधला तो सडका वासही असाच घातलेला, मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाचा. अब्जावधी कणांत त्याचे मोजके कण असले तरी नाक ओळखतं. पण बोटीत पंचाईत अशी की गॅस पडून आहे जमिनीच्या फळ्यांखाली आणि नाक आहे पाच फुटांवर. शिवाय डिझेल, ओलसर दोर, शौचालयाची टाकी असे बाकीचे वास हजर असतातच. आणि नाक थकतं. तोच वास सतत आला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं.

मग बोट बांधणाऱ्यांनी काय केलं? आधी त्यांनी एक शहाणी कबुली दिली: गळती होणारच. सिलिंडर बदलताना होईल, नळी जुनी झाली की होईल. मग ती अशा ठिकाणी होऊ दे जिथे तिचं काही बिघडत नाही. सिलिंडरना त्यांनी वेगळी कोठडी दिली. हाच गॅस लॉकर. नॅरोबोटीत तो बहुधा पुढच्या टोकाला असतो. झाकण वरून उघडतं, भिंती राहत्या भागापासून पूर्ण बंद, आणि तळाला एक भोक जे पाण्याच्या पातळीच्या वर, थेट बोटीबाहेर निघतं. गॅस जड आहे ना? ठीक आहे, मग त्या जडपणालाच कामाला लावू. लॉकरमध्ये गळलेला गॅस आपल्या पायांनी चालत बाहेर जातो! ना पंखा, ना वीज. फक्त त्या भोकात पालापाचोळा अडकू द्यायचा नाही, आणि पुढच्या टोकावर इतकं सामान रचायचं नाही की भोकच पाण्याखाली जाईल.

पण लॉकरमधून निघालेली तांब्याची नळी पुढे राहत्या भागात जाते. शेगडी, पाणी तापवायचा बंब, कुठे फ्रीज. वाटेत सांधे. खाली इंजिनाची थरथर, लॉकच्या भिंतीला बसणारे धक्के. यातला एखादा सांधा केसभर सैल झालाय हे कळणार कसं?

एक उपाय सरळ आहे. नळीवर तपासणीसाठी ठेवलेल्या तोंडाचा स्क्रू काढून तिथे दाबमापक जोडा, गॅस कोंडा, दाब उतरतो का बघा. पद्धत चांगली, पण तीत एक गोड विसंगती आहे: गळती नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी एक तोंड उघडायचं, आणि काम झाल्यावर ते नीट बंद झालंय यावर विश्वास ठेवायचा.

दुसरा उपाय मुठीत मावतो. पितळी ठोकळा, खाली पारदर्शक वाटी, वाटीत थोडा द्रव, वर एक बटण. स्वीडनच्या आल्डे कंपनीचं हे उपकरण बोटवाल्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. एरवी गॅस ठोकळ्यातून सरळ निघून जातो, द्रवाला शिवतही नाही. बटण दाबलं की सरळ वाट बंद. आता पुढे जायचं असेल तर एकच रस्ता, वाटीतल्या द्रवात बुडालेल्या नळीतून. म्हणजे बुडबुडा बनून.

दवाखान्यात सलाइनच्या नळीवरची ती छोटी कुपी आठवा, जिच्यात थेंब पडताना मोजतात. हे तिचंच उलटं रूप. तिथे हवेतून द्रवाचे थेंब, इथे द्रवातून वायूचे थेंब. थेंब आणि बुडबुडा यांचं आकारमानही साधारण सारखंच!

आता खरा प्रश्न. सगळे बर्नर बंद आहेत, सिलिंडर उघडा आहे, मागून गॅस रेटा देतोय. मग बुडबुडे का येऊ नयेत? कारण पुढच्या नळीतही तेवढाच रेटा आहे. गॅसला पुढे जायचं तर पुढे जागा हवी, आणि जागा तेव्हाच होते जेव्हा तिकडचा गॅस कुठून तरी निसटतो. दोन्ही बाजू बरोबरीत असतील तर द्रव हलत नाही. म्हणजे हे यंत्र गळती शोधत नाही, तर गेलेल्या गॅसची भरपाई करायला निघालेल्या गॅसला वाटेत पकडतं. गळती वीस हात लांब कपाटामागे असली तरी तिची खबर इथे, तुमच्या डोळ्यांसमोर येते.

खबर किती बारीक? पाच मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा धरा. त्यात गॅस मावतो मिलिलिटरचा पंधरावा हिस्सा. सेकंदाला असा एक बुडबुडा उठला तर तेरा किलोचं सिलिंडर रिकामं व्हायला तीन वर्षांहून जास्त लागतील. मिनिटाला एक उठला तर? दोनशे वर्षं! औरंगजेब गेला तेव्हा जोडलेलं सिलिंडर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संपलं असतं. अशी गळती डोळ्यांनी दिसते, तीही बिनविजेच्या पारदर्शक वाटीत.

मात्र उतावळेपणा चालत नाही. नळीचं तोंड समजा एक सेंटीमीटर बुडालंय. पहिला बुडबुडा सुटायचा तर पुढच्या नळीतला दाब तेवढ्या द्रवाच्या वजनाइतका, म्हणजे साधारण एक मिलिबारने, उतरायला हवा. पुढच्या नळीत पाऊण लिटर गॅस असेल तर त्यातला पाऊण मिलिलिटर आधी निसटावा लागतो. सेकंदाला एक बुडबुडा देणारी गळती एवढं काम दहा-बारा सेकंदांत उरकते. मिनिटाला एकवालीला दहा-बारा मिनिटं लागतात. बटण दाबून लगेच सोडणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो.

वाटीत साधं पाणी का नाही? ब्रिटनच्या हिवाळ्यात ते गोठेल, आणि एरवी कोरड्या गॅसमध्ये हळूहळू उडून जाईल. म्हणून ग्लायकॉल, तेही उपकरण बनवणाऱ्याने सांगितलेलं. त्याच थंडीपायी तिथले बोटवाले प्रोपेन पसंत करतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचंच थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळत राहतो.

बसवायची जागा ठरलेली: लॉकरच्या आत, रेग्युलेटरनंतर, नळी राहत्या भागात शिरण्याआधी. आतच, कारण उद्या या उपकरणाची वाटी तडकली तर तोही गॅस भोकातून बाहेर जावा. रेग्युलेटरनंतर, कारण सिलिंडरमध्ये वीस अंशांना सात बारहून जास्त दाब असतो आणि रेग्युलेटर तो ३७ मिलिबारवर आणतो, जवळजवळ दोनशेपट कमी. उभं, कारण बुडबुड्याला वर जाणं एवढंच येतं. ठोकळ्यावरचा बाण गॅसच्या दिशेने. तांब्याची नळी करवतीने नव्हे, फिरत्या कटरने कापायची, म्हणजे टोकाला कंगोरे राहत नाहीत. सांध्यात नट आवळला की आतलं धातूचं छोटं कडं नळीवर चावून बसतं. धातूवर धातू, एवढ्यावरच सगळं भागतं. आट्यांवर टेप गुंडाळून इथे काही साधत नाही, आणि जोर दाखवून जास्त आवळलं तर कडं बिघडतं. नळी लॉकरची भिंत ओलांडते तिथेही गॅस न जाऊ देणारा जोड हवा, नाहीतर लॉकरमधला गळका गॅस नळीच्या कडेने आत शिरेल आणि सगळी हुशारी पाण्यात.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून बोट सेफ्टी स्कीम आहे आणि तिथली तपासणी दर चार वर्षांनी होते. लॉकरमध्ये हे उपकरण नीट बसवलेलं असेल तर तपासनीस एकही नट न उघडता बटण दाबून बघू शकतो.

पण थांबा. बुडबुडा आला नाही याचे दोन अर्थ होतात. एक, गळती नाही. दुसरा, यंत्रच काम करत नाही. द्रव संपलाय, किंवा सिलिंडर उघडायचं राहिलंय. म्हणून कुणाला तरी शेगडीचा एक बर्नर न पेटवता क्षणभर उघडायला सांगायचं आणि बटण दाबायचं. बुडबुडे उसळले पाहिजेत. मुद्दाम केलेली गळती ज्याला दिसते त्याच्याच नकाराला किंमत. बर्नर लगेच बंद करून मग खरी परीक्षा. सिलिंडरपासून रेग्युलेटरपर्यंतची नळी मात्र या परीक्षेत येतच नाही, कारण ती उपकरणाच्या अलीकडे आहे. तिला आपल्याकडे घरोघरी करतात तेच: साबणाचा फेस लावून बघणं.

आणि बर्नर बंद असूनही बुडबुडे आलेच तर? आता हेच यंत्र गुप्तहेर होतं. प्रत्येक उपकरणाआधी नळीवर एक बंद करायचा कॉक असतो. शेगडीचा कॉक बंद करा, बटण दाबा. बुडबुडे चालूच? मग चोर आणखी कुठेतरी आहे. बंबाचा बंद करा. थांबले? मग चोर त्या कॉकच्या पलीकडे. सिलिंडर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि पाना हातात घ्यायचा तो जाणकाराने. राहती किंवा भाड्याने दिली जाणारी बोट असेल तर तिथल्या कायद्यानेच गॅस सेफ नोंदणी असलेला माणूस लागतो. त्याचं काम झालं की तोही परत लॉकरपाशी येऊन बटण दाबतो.