प्रिंटर आहे, पण सापडत नाही

घरातील मोबाइलवर मालिका विनाअडथळा चालू असते आणि त्याच वायफायवरचा प्रिंटर मात्र संगणकाला ‘ऑफलाइन’ दिसतो, ही तक्रार परीक्षेची प्रवेशपत्रे, सातबारा उतारे आणि बँकेचे अर्ज घरीच छापून घेणाऱ्या कुटुंबांत नित्याची झाली आहे. अशा वेळी ‘नेट गेले’ एवढ्याच शब्दांत निदान उरकले जाते आणि सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवली जाते. परंतु या दोषाशी त्या कंपनीचा बहुधा काहीच संबंध नसतो. इंटरनेट आणि घरातील नेटवर्क या दोन वेगळ्या व्यवस्था असून त्यांची गाठ राउटरपाशी पडते. लॅपटॉपवरून निघालेली फाइल राउटरपर्यंत जाते व तेथूनच प्रिंटरकडे वळते, ती घराबाहेर पडतच नाही. त्यामुळे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटून लाल दिवा लागलेला असला, तरी घरातल्या घरात कागद छापला गेला पाहिजे. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमार्फत, म्हणजे तिच्या दूरच्या सर्व्हरवरून होणारी छपाई तेवढी याला अपवाद आहे.

दोषाचे मूळ शोधताना प्रथम विचारायचा प्रश्न एकच, तो म्हणजे या क्षणी प्रिंटरचा आयपी ॲड्रेस काय आहे. आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला दिलेला अंकी पत्ता. जुन्या व अजूनही घरोघरी चालणाऱ्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा असल्याने असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य होतात, आणि ते जगाला पुरणार नाहीत हे ध्यानात आल्यावर १९९६ मध्ये काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्याचे मानक निश्चित झाले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच होत. ते घराबाहेर कोणाला दिसत नसल्यामुळे शेजारच्या घरातील राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ असू शकतो आणि तरीही दोघांचे एकमेकांशी काही अडत नाही.

हे पत्ते वाटण्याचे काम राउटरमधील डीएचसीपी नावाची व्यवस्था करते. उपकरण नेटवर्कवर येताच पत्ता कोण देईल अशी हाक देते, राउटर एक पत्ता देऊ करतो, उपकरण तो मागून घेते आणि राउटर त्यावर मान्यतेची मोहर उठवतो. लॉजचा व्यवस्थापक खोली देतो तसा हा पत्ता मुदतीवर दिलेला असतो. मुदत वाढवून घेतली नाही तर तो दुसऱ्याला मिळू शकतो. बहुसंख्य प्रिंटरना स्वतःच्या जोडणीची माहिती देणारे पान छापता येते, आणि घरच्या दुरुस्तीत या पानाइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही, तरी ते छापून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

त्या पानावरील पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर निम्मे निदान तेथेच झाले असे समजावे. राउटरकडून उत्तर न आल्यास उपकरणाने स्वतःच या मालिकेतील एक पत्ता घ्यावा, अशी ही तरतूद आहे. पत्ता दिसायला खरा असला, तरी १९२.१६८ च्या पत्त्यांवर असलेल्या लॅपटॉपशी त्याचे जमत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत याचे एक कारण ठरलेले असते. वीज परत येताच प्रिंटर आणि राउटर एकाच वेळी सुरू होतात, राउटरला मात्र तयार व्हायला एकदोन मिनिटे अधिक लागतात, आणि तेवढ्यात हाक देऊन थकलेला प्रिंटर स्वतःचा पत्ता घेऊन मोकळा होतो किंवा वायफाय शोधणेच सोडून देतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर केवळ प्रिंटर बंद करून चालू केला, तरी हा दोष जातो.

पत्ता १९२.१६८ चाच आहे पण पूर्वीपेक्षा वेगळा आहे, ही स्थिती अधिक फसवी असते. विंडोज संगणकावर प्रिंटर त्याच्या आयपी ॲड्रेसने जोडला असेल, तर संगणक त्या दिवशीचा पत्ता ‘पोर्ट’ म्हणून नोंदवून ठेवतो आणि पुढे प्रिंटरचा पत्ता बदलला तरी फाइल जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की काही दिवस सारे सुरळीत चालते आणि पुढच्या बदलाला तीच रड सुरू होते. यावरचा खरा इलाज राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला मॅक ॲड्रेस नावाची ४८ बिटांची ओळख असते. तिच्यापुढे एक आयपी ॲड्रेस कायमचा राखून ठेवता येतो, आणि मग प्रिंटरला दर वेळी तोच मिळतो. याऐवजी प्रिंटरच्या पडद्यावर जाऊन मनाला येईल तो पत्ता कायम करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्यातलाच असेल, तर राउटर तो एखाद्या मोबाइललाही देऊन बसतो आणि दोन उपकरणे एकाच पत्त्यावर भांडू लागतात.

आणखी एक दोष अलीकडे फार वाढला आहे, तो म्हणजे एका घरात दोन राउटर. फायबरसोबत आलेली पेटी स्वतःच राउटर असते; तिची रेंज आतल्या खोलीत पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून तिला जोडला जातो, आणि नकळत घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.२० असा दिसला, तर हेच घडले आहे असे समजावे. गंमत अशी, की आतल्या राउटरवरील लॅपटॉप बाहेरच्या पेटीवरील प्रिंटरपर्यंत पत्ता टाकून पोहोचू शकतो, उलट दिशेने मात्र वाट बंद असते. शिवाय प्रिंटर आपोआप शोधण्याची पद्धत जवळपासच्या सर्व उपकरणांना एकदम दिलेल्या हाकेवर चालते आणि ही हाक राउटर ओलांडत नाही, म्हणून यादीत प्रिंटर दिसतच नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या प्रकारात टाकला, की तो पत्ते वाटणे थांबवतो आणि घर पुन्हा एक होते. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर जोडलेला लॅपटॉपही असाच अडतो, कारण घरातील इतर उपकरणे त्याला दिसू नयेत हाच त्या सोयीचा हेतू असतो.

रेडिओलहरींचे दोष त्या मानाने साधे असतात. अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे राउटरने फक्त ५ गिगाहर्ट्झचे वायफाय सुरू ठेवले असल्यास त्यांना ते दिसत नाही; पासवर्ड पुन्हापुन्हा टाकून उपयोग नसतो.

पत्ते जुळत असूनही छपाई होत नसेल, तर पिंग या छोट्या आज्ञेचा आधार घ्यावा. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम दिलेल्या पत्त्यावर एक लहानसा संदेश पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. आधी राउटरला आणि मग प्रिंटरला पिंग करावे. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष लॅपटॉपच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक. राउटर बोलतो आणि प्रिंटर गप्प असेल तर प्रिंटरची बाजू तपासावी. हे पाहण्याआधीच सर्व काही एकदम बंद करून चालू करण्याची जी सवय पडली आहे, तिने काम कधी कधी होते, पण पुरावाही पुसला जातो. राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसणे तर त्याहून महागात पडते, कारण त्याने वायफायचे नाव, पासवर्ड, राखून ठेवलेले पत्ते आणि काही ठिकाणी इंटरनेट सेवेचे लॉगिनदेखील नाहीसे होते, आणि एका प्रिंटरपायी घरातील प्रत्येक उपकरण नव्याने जोडत बसावे लागते.

प्रिंटर पिंगला चटकन उत्तर देतो आणि तरी कागद येत नाही, असे आढळल्यास नेटवर्कला दोष देणे थांबवावे. संगणकावरील छपाईच्या रांगेत बहुधा एखादी अर्धवट फाइल अडकलेली असते; ती काढून टाकावी, ती हटत नसल्यास विंडोजमधील ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा पुन्हा सुरू करावी, आणि पोर्टच्या रकान्यात नोंदवलेला पत्ता प्रिंटरच्या पानावरील पत्त्याशी अंक अंक ताडून पाहावा.