रातपाळी, खंड आणि कंबरेची टेप

सुरतच्या बमरोलीत व्यायाम सुरू करणाऱ्याला त्यात खंड पडणार हे आधीच ठाऊक असते. मागाच्या खात्यातली बारा तासांची पाळी दिवसाची रात्रीवर जाते. पावसाळ्यात मलेरिया किंवा डेंग्यूचा ताप येतो. वैशाखात गावाकडे लग्ने निघतात आणि उधन्याहून गाडी धरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर नाहीतर जळगाव गाठावे लागते. पांडेसरा, उधना, लिंबायत आणि बमरोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे कापडधंद्यावर जगतात. त्यांच्यासाठी तंदुरुस्तीचा खरा प्रश्न खंडानंतर पुन्हा उभे कसे राहायचे हा आहे, आणि त्यात वजनकाट्याची मदत फारच थोडी होते.

काटा हाडे, स्नायू, चरबी, पोटातले अन्न आणि अंगातले पाणी यांची एकत्र बेरीज दाखवतो. उकाड्याच्या खात्यात घामावाटे एक लिटर पाणी गेले की वजन एक किलोने उतरते, आणि घरी येऊन पाणी प्यायल्यावर ते परत चढते. खारट जेवण झाले तरी दुसऱ्या दिवशी काटा वर जातो, कारण मीठ पाणी धरून ठेवते. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येते, म्हणून व्यायामाच्या पहिल्या आठवड्यांत वजन थोडे वाढणेही स्वाभाविक आहे. नेमक्या याच आठवड्यांत बरेच जण निराश होऊन व्यायाम सोडतात.

काटा किती फसवू शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आणि मापे छापली. उंचीच्या हिशेबातले वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच होता: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. भारतीय शरीर दिसायला बारीक असले तरी आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी साठवते हे त्यातून ठळकपणे लोकांसमोर आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीतही तेच दिसले. बीएमआयच्या मापाने २८.६ टक्के प्रौढ स्थूल ठरले, पण पोटाच्या मापाने हे प्रमाण ३९.५ टक्के निघाले.

म्हणून काट्याऐवजी शिंप्याची टेप घ्यावी. साडी-ड्रेसच्या या शहरात ती घरोघरी सापडते. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता माप घ्यायचे. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. पॅंटच्या नंबरावर विसंबू नये, कारण पॅंट पोटाखाली बसते. महिन्यातून एकदा मोजले तरी पुरे. वजन तसेच राहून कंबर दोन सेंटिमीटर उतरली, तर ती खरी कमाई आहे.

दुसरी मापे शरीराच्या कामाची. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी घालून, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. साठी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ उठबशा जमल्या नाहीत, तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. जमिनीवर बसून आधाराशिवाय उठणे ही कसोटी तर आपल्या घरांसाठीच बनल्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या २,००० हून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात, हात-गुडघे टेकून कसेबसे उठणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. साडीला खडे चिकटवायला किंवा धागे कापायला तासन्‌तास जमिनीवर बसणाऱ्या बायकांनी ही कसोटी जरूर करून पाहावी. वय झालेल्यांनी ती कुणाला तरी जवळ उभे करूनच करावी.

हाताची पकडही बरेच सांगून जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात, पकडीची ताकद मृत्यूच्या धोक्याबाबत वरच्या रक्तदाबापेक्षा जास्त अचूक इशारा देते असे दिसले. घरात यंत्र नसते, पण भरलेली कळशी किती मजल्यांपर्यंत न थांबता नेता येते हे प्रत्येकाला समजते. सकाळी अंथरुणातच घेतलेली नाडी हे आणखी एक बिनखर्चाचे माप. दम वाढत जातो तशी ती काही आठवड्यांत हळूहळू उतरते. रातपाळीवाल्याने ती आपल्या झोपेनंतर मोजावी आणि रातपाळीतल्या आकड्यांशीच ताडून पाहावी.

आता खंडाविषयी. व्यायाम थांबल्यावर पहिल्यांदा दम जातो. काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग कमी होतो, हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात, आणि दोन आठवड्यांनी जिन्यावर धाप लागते. ताकद मात्र तीन-चार आठवडे बरीचशी टिकते. शिवाय व्यायामाने स्नायूंच्या पेशींत वाढलेली केंद्रके खंडातही बऱ्याच अंशी शाबूत राहतात असे पुरावे आहेत. गेलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते, त्याचे हे एक कारण मानले जाते. लग्नसराईचे पंधरा दिवस गेले म्हणून सगळे गेले असे समजणाऱ्याला शरीराची ही बाजू कुणीतरी सांगायला हवी.

परतताना आधीच्या निम्म्यावर सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर यावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. २०२० च्या तिच्या सूचनांनुसार दहा मिनिटांहून छोटे तुकडेही त्यात धरले जातात. मागांमध्ये फेऱ्या मारणाऱ्या कारागिराचे चालणे पुष्कळ होते, पण पाठ, खांदे आणि मांड्यांना ताकदीचे काम मिळत नाही. त्याला उठबशा, भिंतीवर टेकून केलेले जोर आणि पाण्याची कॅन उचलणे यांचा जास्त उपयोग होतो. पाय मुरगळला तर हात चालू ठेवावेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे त्याचे मोठे उदाहरण. ते सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांची प्रगती काट्यावर नव्हे, सेकंदांत मोजली गेली.

काही वेळा मात्र थांबणेच योग्य असते. ताप अंगात असताना व्यायाम करू नये. डेंग्यूनंतरचा थकवा आठवडे टिकू शकतो, तेव्हा चालण्यापलीकडे घाई नको. चालताना छातीत दाब येणे, चक्कर येणे किंवा पायाला सूज येणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर त्याचा आनंद मानू नये. सोबत तहान आणि वारंवार लघवी असेल तर रक्तातली साखर तपासावी, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात क्षयाची थुंकीतपासणी मोफत होते.